आठवीतला मुलगा सारखा "मला गणित जमतच नाही" म्हणतो, काय करू?

कोथरूडची_आई:
मुलगा आठवीत आहे, सेमी इंग्लिश. घटक चाचणीत गणितात २० पैकी ६ पडले आणि तेव्हापासून वही उघडायच्या आधीच "मला नाही जमणार" सुरू. चाचणीच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, डॉक्टरांनी बघितलं, काही नाही म्हणाले. मी रोज सांगते अरे तू हुशार आहेस, तर उलट चिडतो. क्लासवाले म्हणतायत स्कॉलरशिपची बॅचपण लावा. लावू का?

निवृत्त_मास्तर:
बॅच नको ताई. आणि ते 'हुशार आहेस' पण बंद करा, त्याच्या हातात ६ मार्कांचा पेपर आहे, त्याला वाटणार आई खोटं बोलतीये. बांडुरा म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७७ मध्येच मांडलंय की 'मला जमेल' हा विश्वास येतो तो स्वतः करून जमल्यामुळे, आपल्यासारख्याच कुणाला जमताना बघून, कुणी धीर दिल्याने, नाहीतर शरीर-मन शांत असल्याने. यात स्वतः केलेलं सगळ्यात भारी, आणि तुम्ही नुसत्या धीरावर गाडी ढकलताय. आठवीत गणिताचे अवयव पाडताना अडतं ना, ते बऱ्याचदा सातवीची विस्तारसूत्रं (ए प्लस बी ब्रॅकेट स्क्वेअर वगैरे) कच्ची असतात म्हणून. तिथून सुरू करा.

सिंहगडरोड_बाबा:
पण सोप्पी गणितं देऊन खोटा कॉन्फिडन्स नाही का येणार सर? आमच्या कन्येचं घरी १० पैकी १० आणि पेपरात ब्लँक!

निवृत्त_मास्तर:
येईल की. म्हणून चार सोपी झाली की पाचवं जरा अडणारं द्यायचं, आणि अडलं की आपण पेन हातात घ्यायचं नाही. पोरांपेक्षा आईबापांनाच ते जड जातं. आणि वर्गातल्या पहिल्या नंबराचं उदाहरण तर देऊच नका, ८ वरून १२ वर गेलेला मित्र असेल तर त्याच्यासोबत बसवा.

बिबवेवाडीकर:
पोटदुखीला नाटक समजू नका हां, भीतीनं खरंच दुखतं. शाळेत समुपदेशक असतील तर भेटा, नाहीतर टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

कोथरूडची_आई:
थँक्यू सगळ्यांना. काल सातवीचं पुस्तक काढलं, ए प्लस बी ब्रॅकेट स्क्वेअरपासून. मित्र येईल, बघेल म्हणून दार लावून बसला. चार आली. पाचवं अडलं, मला हाक मारली, मी ऐकू न आल्यासारखं करून स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसले, एक जुडी संपून दुसरी पण झाली 😄