पवनचक्कीचा गिअरबॉक्स गेला: दुरुस्त करू की विकू? (तातडीने मदत हवी)

वागळेकर22: बाबांच्या नावावर साताऱ्याकडच्या वनकुसवड्याच्या पठारावर एक पवनचक्की आहे. गिअरबॉक्स गेलाय. देखभालवाले 14 लाख म्हणतायत, क्रेन वेगळी. 15 मेपर्यंत हो म्हणा, नाहीतर क्रेन दुसरीकडे जाईल, अशी तंबी. करावं का? पवनऊर्जेचे फायदे कृपया सांगू नका.

घाटमाथा: किती किलोवॅटची? कधीची? दर काय मिळतो? 'गेला' म्हणजे नक्की काय झालं? ज्योतिष येत नाही मला.

कोपरीचा_सीए: पैज लावतो, सप्टेंबरअखेर उभी राहिली असणार. 80 टक्के घसारा (किमतीचा तेवढा भाग पहिल्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा) पूर्ण मिळवायचा तर वर्षात 180 दिवस वापर दिसावा लागायचा. तेव्हा ठाण्यातल्या अर्ध्या कारखानदारांनी वारा न बघताच पवनचक्क्या घेतल्या.

वागळेकर22: सप्टेंबर 2004. पैज जिंकलात. 350 किलोवॅट. वीजविक्रीचा करार 13 वर्षांचा होता, युनिटला 3.50 रुपयांपासून दरवर्षी 15 पैसे वाढ. आता साधारण अडीच रुपये. गेल्या वर्षी 3.9 लाख युनिट. देखभाल साडेपाच लाख, वर्षाला 5 टक्के चढती. विमा साठ हजार. खरखर यायला लागली म्हणून बंद ठेवलीय.

घाटमाथा: हे आधी लिहायचं ना! करार संपताना 5.30 मिळत होते, ते निम्म्याच्या खाली आले आणि देखभाल वर चढतेय. पावणेदहा लाख येतात, सहा लाख दहा हजार जातात. उरले साडेतीन. नुसते 14 लाख फिटायलाच चार वर्षं, तेही विशी ओलांडलेल्या यंत्रावर. विका.

नेरुळ_सोलर: विका आणि वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या शेडवर सोलर बसवा. फिरणारा एकही भाग नाही, फडकं मारलं की झालं.

वागळेकर22: शेड 2015 मध्येच विकली.

टॉवरवाला: नऊ वर्षं पठारावर शिड्या चढलोय, म्हणून बोलतो. गिअरबॉक्सची कोणती स्टेज (दातेरी चाकांचा टप्पा) गेली ते कोणीच विचारलं नाही. पाती मिनिटाला तीसेक फेरे घेतात, जनरेटरला दीड हजार लागतात. मधलं सगळं गिअरबॉक्स सोसतो. जनरेटरकडचं हायस्पीड बेअरिंग गेलं असेल तर बहुतेक वेळा वरच बदलता येतं, क्रेन लागत नाही. पात्यांकडची स्टेज गेली असेल तर मात्र सगळं खाली. एंडोस्कोपीचे (आत बारीक कॅमेरा घालून काढलेले) फोटो आणि तेलाचा रिपोर्ट मागा. त्याआधी होकार देऊ नका.

घाटमाथा: आणि वर्षभरात पुन्हा खरखर आली तर? एक बेअरिंग गेलं की त्याची कणी तेलातून सगळीकडे फिरते.

टॉवरवाला: म्हणून तर तेलाचा रिपोर्ट म्हटलं, साहेब. पूर्ण वाचा. मेची घाई मात्र खरी आहे. जूनपासून वारा चढला की वर गिअरबॉक्स उचलता येत नाही, आणि वर्षाची बहुतेक वीज त्याच तीन-चार महिन्यांत होते.

सानपाडा_आजोबा: याच पंख्यांनी ढग पळवले आमच्या गावचे.

कोपरीचा_सीए: आजोबा, ढग किती वर आणि पंखा किती वर! वागळेकर, विकताना एक बघा: लोखंडाला गिऱ्हाईक आहे, फायबरच्या पात्यांना भंगारवाला हात लावत नाही. उतरवण्याचा खर्च कोणाकडे ते आधी लिहून घ्या.

वागळेकर22: आत्ता फोन केला. सुपरवायझर म्हणाला, "हायस्पीडचंच बेअरिंग दिसतंय." मग 14 लाख आणि क्रेन कशाला, विचारलं. "साहेबांशी बोलून कळवतो." बाबा 82 चे आहेत, विकायचं नाव काढलं की जेवत नाहीत. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

टॉवरवाला: फोटो आले की इथेच टाका. दात बघून सांगतो.

खारघर_सेक्रेटरी: आमच्या सोसायटीच्या गच्चीवर छोटी पवनचक्की बसेल का? लिफ्टचं बिल फार येतं.