चाळिशीनंतर नव्या शहरात मैत्री कशी जुळते?

प्रश्न – अंबाजोगाईची लेक

नमस्कार. माझे वय ४३ आहे. यजमानांच्या बदलीमुळे तीन वर्षांपूर्वी आम्ही अंबाजोगाईहून पुण्याला, कोथरूडमध्ये राहायला आलो. मी घरूनच हिशेबाची कामे करते, मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी आहे, आणि यजमान व भाजीवाले सोडले तर दिवसभरात कोणाशी चार वाक्येही बोलणे होत नाही. गावी आम्ही पाच जणी संध्याकाळी मुकुंदराजांच्या समाधीकडे फिरायला जात असू आणि तिथे सासूच्या आजारपणापासून मुलांच्या गुणांपर्यंत कोणताही विषय आम्हाला वर्ज्य नसे. त्या मैत्रिणी आजही माझ्याच आहेत, परंतु फोनवर ‘सगळे ठीक’ एवढेच सांगून होते, कारण ज्या दिवशी काहीच घडले नाही, त्या दिवसाबद्दल फोन करून काय सांगावे, हे सुचत नाही.

मी प्रयत्न केले नाहीत असे नाही. सोसायटीतल्या भिशीला वर्षभर जात होते, पण तिथल्या बायकांची ओळख पंधरा वर्षांची असल्याने ज्या प्रसंगांची आठवण काढून त्या हसत, ते मला ठाऊक नसत. चित्रकलेच्या दोन दिवसांच्या शिबिरात छान गप्पा झाल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर गटही झाला, आणि पंधरा दिवसांत त्यावर सुप्रभाताच्या चित्रांखेरीज काही येईनासे झाले. ‘मला मैत्रीण हवी आहे’ हे कोणाला सांगण्याचीही लाज वाटते. ज्यांनी या वयात परक्या गावी माणसे जोडली, त्यांनी नेमके काय केले, हे कृपया सांगावे.

टेकडीकर

ताई, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ब्रिटनच्या सरकारने २०१८ साली एकटेपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवली होती, इतका हा प्रश्न सार्वत्रिक आहे.

आपण कमी पडलात असे मला वाटत नाही. कमी पडले ते तास. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी नुकतेच नव्या गावी गेलेले प्रौढ आणि विद्यापीठात नव्याने दाखल झालेले विद्यार्थी यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये असा अंदाज मांडला की, ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर होण्यास सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, पक्क्या मित्रासाठी साधारण ९० आणि जिवलगासाठी २०० तासांहून अधिक. हा अभ्यास अमेरिकेतला आहे, त्यामुळे आपल्याकडे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण हिशेब करून पाहा. महिन्यातून एकदा दोन तासांची भिशी धरली, तर ५० तास भरायला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि आपण एका वर्षात ती सोडली. हाच एक तास रोज मिळाला, तर ५० तास दोन महिन्यांच्या आत होतात आणि २०० तास सात महिन्यांत.

मी ५१व्या वर्षी, पत्नीच्या निधनानंतर, कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर जाऊ लागलो. पहिले तीन महिने नुसताच चालत होतो आणि मानेने नमस्कार करण्यापलीकडे काही घडले नाही. उन्हाळ्यात काही मंडळी रोपांना पाणी घालताना दिसली, तेव्हा मी एक कॅन उचलला. हातात काम असले की बोलायला विषय शोधावा लागत नाही आणि गप्प बसले तरी अवघडल्यासारखे होत नाही, हे मला तिथे उमगले. गिरिपुष्पाच्या गर्दीत लावलेला पळस जगेल की नाही, यावर आम्ही आठवडेच्या आठवडे बोललो आहोत. पत्नीविषयी मी तिथे पहिल्यांदा बोललो तो जवळजवळ वर्षाने, आणि ऐकणाऱ्याने हातातला कॅन खाली ठेवला, एवढेच. आज माझ्या घराची दुसरी किल्ली त्या गृहस्थांकडे असते.

लंडनची माई

मी २००९ साली लंडनला आले. इथले महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे, तेव्हा मराठी माणसे भेटणार याची मला खात्री होती. ती भेटलीही, परंतु पहिली दोन वर्षे मी कार्यक्रमाला जायचे, खुर्चीवर बसायचे, टाळ्या वाजवायचे, जेवायचे आणि घरी येऊन रडायचे. मंडळाचा यात दोष नव्हता, कारण प्रेक्षक म्हणून बसलेल्या बाईला कोण कशाला ओळखणार?

तिसऱ्या वर्षी गणपतीत मी स्वयंपाकाला येते असे आपणहून कळवले. मसालेभाताच्या पातेल्याशी उभ्या असलेल्या दोघींनी माझ्याकडे न पाहताच वांगी चिरायला दिली आणि पाहुणेपण तिथेच संपले. मात्र एक गोष्ट टेकडीकरांच्या म्हणण्यात जोडते: तास भरले तरी ओळख त्या जागेपुरतीच राहू शकते. कोणीतरी ती उचलून घरी आणावी लागते. मी त्यांतल्या एकीला ‘शनिवारी चार वाजता चहाला या’ असे दिवस आणि वेळ सांगून बोलावले, कारण ‘कधीतरी या’ म्हटल्याने कोणी येत नाही. दोनदा तिला जमले नाही. तिसऱ्यांदा विचारताना मन घट्ट करावे लागले, पण ती आली.

माणदेशी

वरील दोन्ही सल्ले मला पटतात, पण एक गोष्ट राहून गेली आहे. पुण्यात नव्या माणसाला ‘कुठले तुम्ही? आडनाव काय?’ असे विचारतात आणि उत्तर ऐकल्यावर बोलण्याचा सूर बदलतो, हे मी दोन सोसायट्यांत अनुभवले आहे. म्हणून जिथे आडनावावाचून अडत नाही, अशी जागा आधी शोधावी, असे मी कळकळीने सांगतो.

मला ती वारीत सापडली. माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा अनेक पुणेकर एका दिवसापुरता चालतात, तसाच मीही गेलो. तिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतो. घाटात माझी चप्पल तुटली, तेव्हा ज्याने आपली जादाची जोडी दिली, त्याचे आडनाव मला चार महिन्यांनी, त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरून कळले. दरम्यान आमचे दर गुरुवारचे भजन सुरू झाले होते.

अंबाजोगाईची लेक

आपण तिघांनीही इतके मनापासून लिहिले, याबद्दल आभारी आहे. तासांचा हिशेब वाचून बरे वाटले, कारण तीन वर्षे मी दोष स्वतःलाच देत होते. भिशीत एक जण नेहमी माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवत असे, हे माई यांचे लिहिणे वाचताना आठवले. त्यांना रविवारी साडेचार वाजता चहाला बोलावले आहे. टेकडीकर, कोथरूडच्या बाजूने पहाटे एकट्या बाईने वर येणे कितपत ठीक आहे?

टेकडीकर

अंधारात येऊ नका. हिवाळा सोडला तर साडेसहाला उजाडलेले असते आणि त्या वेळी कोथरूडकडून बऱ्याच भगिनी वर येतात. येताना पाच लिटरचाच कॅन आणा, दहा लिटरचा चढावर झेपत नाही.