पॅरामिको: पट्टी १०० टक्के, पण पुट() संपत नाही. मदत हवी आहे

मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी छोटं टूल लिहितोय. जॅकार्ड डिझाइनचे मोठाले स्कॅन चाटी गल्लीतल्या दुकानातून कारखान्याच्या सर्व्हरवर एसएफटीपीने (फाईल सुरक्षित पाठवायची पद्धत) पाठवायचे, एवढंच काम. भाषा पायथन, एसएफटीपीसाठी पॅरामिको लायब्ररी, खिडकी-बटणांसाठी टीकेइंटर.

फाईल चढवणाऱ्या पुट()ला कॉलबॅक (दर तुकड्यानंतर पॅरामिको बोलावतं ते माझं फंक्शन) दिलाय. त्यात गेलेले बाइट आणि एकूण बाइट मिळतात, त्यावर प्रगतीची पट्टी भरते. भानगड अशी की पट्टी १०० वर पोचते आणि पुट() तिथेच अडकून बसतं. दुकानातला पोरगा १०० बघतो, पीसी बंद करतो आणि चहाला जातो. इकडे डिझाइन मास्तर फाईल उघडतात तर खालचा काठच गायब.

शिवाय मोठ्या फाईलला खिडकी गोठते, अपलोड वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या कामात) असूनही. आणि ‘रद्द करा’ बटण कसं द्यायचं? पुट()ला तसा पर्यायच दिसत नाही. कन्फर्म=फॉल्स करून टाक, म्हणजे शेवटची आकाराची पडताळणीच बंद, असं एकाने सुचवलंय, मला काही ते पटत नाही.

प्रतिसाद:
कन्फर्मला हात लावू नका. पॅरामिको ३२ केबीचा तुकडा लिहिला की लगेच कॉलबॅक करतं. पुट() पाइपलाइनिंग वापरतं, त्यामुळे दर तुकड्याला सर्व्हरची पोच यायची वाट बघत नाही. उरलेल्या पोचा, फाईल बंद करणं, स्टॅटने (सर्व्हरला फाईलची माहिती विचारून) आकार ताडून बघणं, हे सगळं तुमच्या १०० नंतर. पट्टी ९९ वर अडवा, खाली ‘पडताळणी चालू, पीसी बंद करू नका’ लिहा. पुट() परतलं की मगच १००.

खिडकीचं म्हणाल तर १६० एमबीच्या फाईलला ५,१२० वेळा कॉलबॅक होतो. तिथून थेट विजेट हलवत असाल तर गोठणारच, आणि दुसऱ्या थ्रेडमधून टीकेइंटरला शिवूच नये. कॉलबॅकने आकडा फक्त साठवायचा, मुख्य थ्रेडने आफ्टर(२००) लावून, म्हणजे दर २०० मिलिसेकंदांनी, तो वाचायचा.

रद्द करायला कॉलबॅकमधूनच एक्सेप्शन (काम थांबवणारी त्रुटी) फेका, ते पुट()मधून बाहेर येतं. अर्धवट फाईल मात्र सर्व्हरवर तशीच राहते. म्हणून ‘.पार्ट’ नावाने चढवा, शेवटी पॉझिक्स_रीनेमने खरं नाव द्या, ते त्याच नावाच्या जुन्या फाईलच्या जागी नवी बसवतं. मग दुकानात लाईट गेली तरी मास्तरांना अर्धी फाईल दिसायची नाही.

धागाकर्ता:
पट्टी आणि खिडकी दोन्ही मार्गी लागलं, आभार! पण कारखान्याचा सर्व्हर विंडोजवरचा कुठलातरी जुना आहे, पॉझिक्स_रीनेमला ‘ऑपरेशन अनसपोर्टेड’ म्हणतोय. साधं रीनेम त्याच नावाची जुनी फाईल असली की नकार देतं. आधी जुनी काढून मग रीनेम केलं आणि नेमकं मधेच कनेक्शन तुटलं तर? कुणी असं चालवलंय का?