'सर, यांना अलाऊड नाही': थीम पार्कातले तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठ
पोरीच्या शाळेच्या सहलीवरून पालकांच्या ग्रुपवर कालपासून रणकंदन चालू आहे. परभणीहून हैदराबादला न्यायचं का पुण्याकडं? वंडरला का इमॅजिका? कुणी तिकिटाचे दर टाकतंय, कुणी रेल्वेचं टाइमटेबल, एकीला जेवणात जैन मिळतं का ते हवंय. वर्गातला एक मुलगा व्हीलचेअरवर आहे. त्याच्या आईनं रात्री उशिरा एवढंच लिहिलं, 'याला किती राईडमध्ये बसू देतील, कुणाला माहितीय का?' त्यावर चिडीचूप. सकाळी परत जेवण.

मला एकदम आमचा दादा आठवला. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे आधाराचा लोखंडी सांगाडा. आम्ही गेलो ती दोन पार्कं वरच्यातली नव्हेत, आणि नावं घेणार नाही, भांडणं नकोत.

पहिलं नवंकोरं. जिथं तिथं रॅम्प, गेटवर डिपॉझिट भरून व्हीलचेअर, खांबाखांबावर व्हीलचेअरच्या चित्राचा निळा बोर्ड. आणि प्रत्येक राईडला एकटा पोरगा उभा, विशीतला. दादाचा पाय बघितला की 'सर, अलाऊड नाही'. का नाही? 'रूल आहे.' कुठं लिहिलाय? 'सुपरवायझरला विचारा.' सुपरवायझर कुठंय? तो बिचारा इकडं तिकडं बघायचा, राईड सोडून त्याला हलता येत नव्हतं. दादा पूर्ण तिकीट काढून दिवसभर आमच्या बॅगा राखत बसला.

दुसरं त्याचं कट्टर स्पर्धक, पण जुनाट. रंग उडालेला, रॅम्प दोन-चारच. गेटवरच एका बाईनं दादाला बाजूला घेतलं. 'दोन्ही हातांनी घट्ट धरता येतं ना? चार पायऱ्या स्वतः उतरता येतात ना?' मग नकाशावर पेनानं खुणा करून दिल्या. या चालतील, या नाहीत, इथं कॅलिपर काढून बसा. पाण्याच्या घसरगुंडीपाशी दादानं कॅलिपर काढला तर तिथल्या मुलीनं तो घेऊन सावलीत, टॉवेलवर ठेवला. लोखंड उन्हात तापलं की परत घालताना मांडीला चटका बसतो. हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

तेव्हापासून माझं मत पक्कं: रॅम्प किती ते नंतर बघा, राईडपाशी माणसं किती उभी आहेत ते आधी बघा. लिहा तुम्ही पण. व्हीलचेअरच पाहिजे असं नाही. म्हातारी माणसं, लेकरं, गरोदर बाया, जाडजूड, सगळे चालतील.

मोसंबी
पहिली! कणीक मळतेय, येते नंतर.

नान_खलिया
जाडजूड म्हणजे आपण हाजिर. खांद्यावरून खाली येतं ते लोखंडी लॉक माझ्या पोटावर येऊन थांबलं. एक पोरगा आला, त्यानं दाबलं. दुसरा आला, दोघांनी मिळून दाबलं. मागून लाइन ओरडायली. तेवढ्या सगळ्या लोकांसमोर उतरवलं राव, परत खाली जाताना जिना संपता संपेना. दुसऱ्या एका पार्कात लाइन सुरू व्हायच्या आधीच नमुन्याची सीट ठेवलेली. बसून बघा, लॉक लागलं तर लाइनीत लागा, नाही तर निघा गुपचूप. एका जादा खुर्चीचा खर्च फक्त.

मोसंबी
@नान_खलिया नावाप्रमाणे खाऊन गेला असशील ना भाऊ 😀

नान_खलिया
हौ. संभाजीनगरच्या शहागंजचा. लॉकची काही चूक नव्हती.

सातवाहन
आमच्या आजीचं कुणी लिहीना म्हणून लिहितो. वॉटर पार्कात नायलॉनचेच कपडे लागतात, सुती चालत नाही. आजी नऊवारीत. भाड्यानं मिळतो तो ड्रेस गुडघ्यापर्यंतचा. आजी म्हणाली, 'आता या वयात मला चड्डीवर फिरवता व्हय रे?' आणि काठावर मांडी घालून बसली. शेजारी नांदेडच्या एक खाला, बुरख्यात, त्यांचीही तीच अडचण. आजीचा अडकित्ता गेटवर काढून घेतला होता, खालांचा पानाचा डबा. त्यावरून दोघींची जी गट्टी जमली ती संध्याकाळपर्यंत. पोरं पाण्यात काय करतात याकडं दोघींचंही लक्ष नव्हतं.

नंतर एका ठिकाणी घोट्यापर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा ड्रेस भाड्यानं ठेवलेला बघितला. घरी येऊन आजीला सांगितलं तर म्हणते, आता गुडघे गेले, आता काय करू ड्रेसला.

माळेगावची_जत्रा
तुम्ही काय पार्क पार्क करायलेत. आमच्या माळेगावच्या जत्रंत पाळणेवाल्यानं माझ्या चुलतभावाला खांद्यावर उचलून पाळण्यात बसवलं. त्याला बी चालता येत नाही. पैसे बी नाही घेतले. ना फॉर्म ना रूल. माणुसकी लागती, ट्रेनिंग नाही.

बीडवाला
@माळेगावची_जत्रा माणुसकी मान्य. पण पाळण्याला पुढं दांडी होती का भाऊ?

माळेगावची_जत्रा
होती की. सुतळीनं बांधलेली.

बीडवाला
बघा. आता ऐका. मी काही वर्षं एका पार्कात राईड ऑपरेटर होतो. तुम्ही ज्याला शिव्या घालताय तो 'अलाऊड नाही'वाला पोरगा मीच समजा. आमच्यात कितीतरी पोरं बीड, जालना, लातूरकडची. आईबाप ऊसतोडीला, आपल्याला कोयता नको म्हणून आलेली. दिवाळी आणि मे महिन्यापुरती ठेकेदारामार्फत भरती, जूनला घरी. शिकवलेलं सगळं जूनला घरी.

राईडचं गणित असं असतं. सकाळी गेट उघडायच्या आधी रिकामी फिरवायची, मग वाळूची पोती बसवून फिरवायची. पब्लिक आलं की एक जण प्रत्येक दांडी हातानं ओढून लॉक बघणार. दुसरा पॅनलवर. लॉकवाल्यानं अंगठा दाखवल्याशिवाय पॅनलवाल्यानं बटणाला हात लावायचा नाही. तिसरा लाइनीत, उंची मोजायला. कुणी व्हीलचेअरवर आलं की चौथा लागतो. एक्झिटच्या बाजूनं आत घ्यायचं, खुर्चीला ब्रेक लावायचा, सीटवर घ्यायचं, खुर्ची बाजूला न्यायची, राईड थांबली की परत जागेवर आणायची. गर्दीच्या दिवशी तिसराच नसायचा, चौथा कुठून आणू? 'अलाऊड नाही' म्हटलं की विषय मिटतो, लाइन पुढं सरकते.

आणि बरेचदा खरं कारण असतं, पण सांगत कुणी नाही. राईड वर अडकली तर लोकांना जिन्यानं उतरवावं लागतं. चालता न येणाऱ्याला त्या अरुंद जिन्यावरून खाली कसं आणायचं याची तयारी पाहिजे. शिवाय मांडीवर येणारी दांडी असली की शरीर धरून ठेवायला पाय लागतात. २०११ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या एका पार्कात, दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक रोलर कोस्टरमधून बाहेर फेकला जाऊन मेला. हे आमच्या ट्रेनिंगच्या साहेबांनी सांगितलं होतं. अख्ख्या ट्रेनिंगमधलं तेवढंच कामाचं. बाकी वेळ हसून नमस्ते कसं करायचं यात गेला.

गोदाकाठ
@बीडवाला दादाला त्या दिवशी कुणी हे कारण दोन वाक्यांत सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं हो. इंजिनिअर आहे तो. राग 'रूल आहे'चा आला.

चाकं_चार
धाग्याच्या ताईंशी असहमत. 'रॅम्प नंतर बघा' हे ज्याला उभं राहता येतं त्याच्या घरचंच माणूस लिहू शकतं. माझी बॅटरीची खुर्ची शंभर किलोच्या वर जाते. चार जण कितीही प्रेमानं धावून आले तरी पायरीवरून ती जात नाही. आणि मुळात मला उचलू नका. मी चाळिशीतला बँकेतला माणूस. बायको-पोरांसमोर अनोळखी पोरं काखेत हात घालून उचलतात, वर 'काही नाही काका, काही नाही' म्हणतात. मला ते नको. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, एवढा साधा हिशोब आहे रॅम्पचा. आपल्या लातुरात एका फुटाला चार फूट करतात आणि वर गुळगुळीत फरशी बसवतात.

२०१६ चा अपंग हक्क कायदा खाजगी जागांनाही लागू आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. गेटवरच्या माणसाला मात्र एकच माहीत असतो, खुर्चीवाला.

टॉयलेटचं तर विचारू नका. एका पार्कात दारावर बोर्ड, दार रुंद, रॅम्प एकदम मापात. मन भरून आलं. दाराला कुलूप. किल्ली सुपरवायझरकडं, सुपरवायझर जेवायला. तो येईपर्यंत माझी काय अवस्था झाली ते लिहीत नाही. उघडलं तर आत फिनाईलचे कॅन, मॉप, आणि कमोडवर दिवाळीच्या आकाशकंदिलांचा ढीग.

गोदाकाठ
@चाकं_चार दादा, उचलण्याचं शंभर टक्के पटलं. पण टॉयलेटच्या किश्शात रॅम्प होता की. किल्ली घेऊन उभं राहायला माणूस नव्हता.

चाकं_चार
किल्ली घेऊन माणूस कशाला पाहिजे ताई? कडी पाहिजे. आतून.

मोसंबी
😂 काका जिंकले

काळा_चष्मा
मला अजिबात दिसत नाही. फोन बोलतो, मी ऐकतो, चुका खपवून घ्या. रोलर कोस्टरच्या लाइनीत ऑपरेटरनं मला सोडून बायकोला विचारलं, 'मॅडम, सर बसून काय करणार? त्यांना काय दिसणार?' मी म्हटलं, डोळस लोक तरी काय करतात रे, डोळे गच्च मिटूनच बसतात ना? तो हसला आणि बसवलं. बसवायच्या आधी माझा हात धरून लॉकवर फिरवला, इथं धरा, इथं पाय टेकवा, थांबल्यावर मी आवाज देतो तोवर उठू नका. इतकं व्यवस्थित तर मला बसमध्येही कुणी सांगत नाही. बायको उतरून ओकली, मी परत लाइनीत.

खोपोलीच्या इमॅजिकात डीप स्पेस म्हणून एक राईड अंधारातच पळते. तिथं मी आणि बाकीची जनता बरोबरीत.

दोन_वेण्या
लेक स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम. लोकांना वाटतं तिला लाइन सहन होत नाही. तसं नाही. लाइन कधी संपणार हे कळत नाही, ते सहन होत नाही. एका पार्कात तिथल्या पोरानं घड्याळ बघून सांगितलं, 'ताई, वीस मिनिटांनी या, तोवर झाडाखाली बसा, मी हात करतो.' लेक घड्याळाकडं बघत शांत बसली. त्यानं खरंच हात केला. हे सगळं त्याच्या मनानं, कुठल्या नियमात नाही. दुपारी शिफ्ट बदलली. नव्या पोराला काही माहीत नाही, परत पहिल्यापासून सगळं सांगा. तो तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हणतो, 'दिसायला तर चांगली आहे की.'

लाइनीतल्या बायका पण होत्याच, 'आम्हाला पण लेकरं आहेत' म्हणणाऱ्या.

मोसंबी
@दोन_वेण्या 🫂 माझ्या नणंदेचा मुलगा असाच आहे. फोडणीच्या आवाजाला कान झाकतो. तुम्हाला पर्सनलवर मेसेज केलाय.

तेरणाकाठचा
धाराशिवचा आहे, सध्या टेक्सासला. @दोन_वेण्या ताई, त्या पोरानं केलं ती डिस्नीमध्ये २०१३ पासून पद्धतच आहे. लाइनीत उभं न राहता परत यायची वेळ देतात. त्याआधी कार्ड दाखवलं की बरेचदा सरळ पुढं घ्यायचे. तर पैसेवाली मंडळी अपंग माणसं भाड्यानं सोबत न्यायला लागली.

मोसंबी
आपल्याकडं माणूस कशाला भाड्यानं घेतील, सर्टिफिकेटच काढतील बोगस.

तेरणाकाठचा
😀 इकडं सॅन अँटोनिओला मॉर्गन्स वंडरलँड म्हणून पार्क आहे, २०१० पासून. व्हीलचेअरसकट बसायचा झोपाळा, व्हीलचेअरसकट फिरायचं चक्र. २०१७ ला वॉटर पार्क काढला, तिथं दाबाच्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या आहेत, बॅटरी नाही, त्यामुळं थेट पाण्यात जातात. अपंग पाहुण्यांना तिकीट नाही. काम करणाऱ्यांतही अपंग लोक आहेत.

चाकं_चार
फुकट नको रे बाबा. तिकीट काढतो, आत जाऊ द्या.

सातवाहन
तिथं नऊवारी चालते का विचारून सांग.

पाऊस_कधी
धागा वाचला नाही पूर्ण. आईवडील सत्तरीचे आहेत, उदगीरहून दोन दिवसांत काय होईल? दवाखान्याचं काम पण आहे हैदराबादला.

नान_खलिया
रामोजी. बसमधून फिरवतात, शो बसून बघायचे, झोक्यात बसायलाच पाहिजे असं नाही. वंडरला तुम्ही जा, त्यांना नका नेऊ. आणि कधी इकडं आलात तर शिर्डीचं साईतीर्थ, ते पण बसून बघायचंच.

बीडवाला
@पाऊस_कधी कुठंही जा, फोन करून 'व्हीलचेअरची सोय आहे का' विचारू नका. सगळे हो म्हणतात. विचारा, कुठल्या राईडला एक्झिटनं आत घेता. आमच्या दिवशी एका राईडला किती माणसं असतील. अडकली तर खाली कसं आणता. आणि चाकंवाल्या काकांचा प्रश्न, टॉयलेटला कुलूप असतं का. समोरचा अडखळला तर फोन ठेवा. शाळांच्या सहली आणि सुट्ट्या सोडून मधल्या वारी जा, तेव्हा पोरांना तुमच्याशी बोलायला तरी वेळ असतो.

माळेगावची_जत्रा
@बीडवाला आता काय करायलाव भाऊ? सोडलं का ते?

बीडवाला
सोडलं. गावाकडं हायवेला रसवंती टाकलीय.

चाकं_चार
पायऱ्या किती आहेत?

बीडवाला
पायरीच नाही काका. लिंबाखाली बाकडी टाकलीत. गाडी थेट बाकड्याला लागते.

चाकं_चार
लोकेशन टाका. बर्फ कमी, लिंबू जास्त.

माळेगावची_जत्रा
आलं टाकता का?

बीडवाला
टाकतो. पाच रुपये जास्त.