सहावी ते आठवी: गणित-विज्ञानाचे शब्द फक्त मराठीत, की तिन्ही भाषांत?

सीमाखडू:
बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत सहावी ते आठवीला शिकवणाऱ्यांसाठी हा धागा. माझं मत: गणित-विज्ञानाचा प्रत्येक पारिभाषिक शब्द मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत द्यावा. पुढं पीयुसीला (अकरावी-बारावी) विज्ञान घेतलं की सगळं इंग्रजीत. शेजारच्या पोरांची पुस्तकं कन्नडमध्ये. आपण 'अपूर्णांक' म्हणायचं, बाहेर कानावर 'भिन्नराशी'. क्षेत्रफळाचं 'विस्तीर्ण', त्रिकोणाचा 'त्रिभुज', वर्तुळाचं 'वृत्त'. गणित येत असूनही पोर शब्दाला अडतं. धड्याला ५-६ शब्द निवडायचे, फळ्याच्या उजव्या कडेला तीन रकाने आखायचे आणि धडा संपेपर्यंत पुसायचे नाहीत. एवढंच.

खानापूर_लाईन:
एवढंच म्हणे! सर, ४० मिनिटांच्या तासातली ८-१० हजेरी आणि गृहपाठ बघण्यात जातात. सहावी-सातवी एका खोलीत बसवली असेल तर एका वर्गाच्या वाट्याला १५ उरतात. त्यात तीन रकाने?
लसावि-मसावि घ्या. मराठीत दोन्हींच्या शेवटी 'वि', कन्नडमध्ये लसाअ-मसाअ, दोन्हींच्या शेवटी 'अ'. एका घोळावर दुसरा घोळ कशाला? बरं, पोरं चुकतात ती भलतीकडंच. १२ आणि १८ चा लसावि ३६, मसावि ६. 'लघुतम' ऐकून पोर लहान उत्तर शोधतं आणि ६ लिहून मोकळं होतं. लघुतम म्हणजे सामाईक विभाज्यांतला सगळ्यांत लहान, हे कुणी फोडून सांगितलेलं नसतं. फळ्यावर १२, २४, ३६, ४८, ६०, ७२ अशी ओळ, तिच्याखाली १८, ३६, ५४, ७२. ३६ आणि ७२ ला गोल करायचा, त्यांतला लहान घ्यायचा. हे एका भाषेत पक्कं झालं की दुसरीतला शब्द दोन दिवसांत येतो.

तालुक्याच्या_बाई:
लसाविपर्यंत कशाला जाता, संख्या ऐकण्यातच गोंधळ आहे. आपल्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलंही असतात. 'सत्तेचाळीस'मध्ये सात आधी येतो, 'नलवत्तेळु'मध्ये चाळीस आधी. सांगितलेली संख्या लिहिताना ४७ चे ७४ होतात ते इथं. अपूर्णांकात हेच वेगळ्या तऱ्हेनं. मराठीत 'दोन तृतीयांश', अंश आधी. कन्नडमध्ये 'मूरने एरडु', म्हणजे तीन आधी. पोर ३/२ लिहितं आणि आपण वहीत 'लक्ष नाही' असा शेरा मारतो.
तासाच्या सुरुवातीला ६ संख्या सांगा, ३ मराठीत, ३ कन्नडमध्ये. शब्द पूर्ण ऐकेपर्यंत पेन खाली. मग आधी दशक, नंतर एकक. ३ मिनिटांत होतं. तपासताना चूक कसली ते बघा: ७४ लिहिलं तर ती भाषेची, ४८ लिहिलं तर दुसरीच काही. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' छापलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! इथं तो क्रम कन्नडमुळं पोरांच्या कानात आधीच बसलेला आहे.
मी सीमाखडूंच्या बाजूनं.

प्रयोगवही:
विज्ञानात तीन रकाने डोळे झाकून भरू नका. कन्नडमध्ये ऑक्सिजन म्हणजे 'आम्लजनक'. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, या जुन्या आणि पुढं चुकीच्या ठरलेल्या समजुतीतून 'ऑक्सिजन' नाव पडलं, त्याचंच हे भाषांतर. आम्ल-आम्लारीच्या धड्यात हा शब्द फळ्यावर आला की काय होईल ते सांगायला नको. आम्लारीला तिकडं 'प्रत्याम्ल', त्यातही आम्ल आहेच.
त्यापेक्षा हळदीची पट्टी हातात द्या. चमचाभर हळद, थोडं पाणी, टीपकागदावर लेप, वाळवून पट्ट्या. साबणाच्या पाण्यानं आणि चुन्याच्या निवळीनं लाल होते. निवळीसाठी पानाचा चुना आदल्या दिवशी पाण्यात घालून ठेवायचा, वरचं पाणी तेवढं अलगद काढायचं. पण लिंबाच्या रसात पट्टी पिवळीच राहते आणि साध्या पाण्यातही पिवळीच. इथं थांबलात तर मुलं लिंबू उदासीन ठरवतात. म्हणून त्याच तासाला जास्वंदीच्या पाकळ्यांचं गरम पाणी हवंच: आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवं. आणि सगळ्या वाट्यांना एकच ड्रॉपर वापरू नका, निम्मे प्रयोग त्यानंच फसतात.

सीमाखडू:
आम्लजनक मान्य. तो शब्द त्या धड्यात नको, श्वसनाच्या वेळी द्यावा. पण एका शब्दासाठी अख्खा रकाना पुसायचा काय?

कन्नड_तास:
मला एक सांगा, तो कन्नड रकाना कुठल्या लिपीत? देवनागरीत ए-ओचे ऱ्हस्व-दीर्घ दाखवायची रोजची सोय नाही. 'कोडु' ऱ्हस्व ओनं म्हटलं तर 'दे', दीर्घ ओनं म्हटलं तर 'शिंग'. कन्नड लिपीत लिहाल तर सीमाखडूंचाच शब्द घ्या, 'विस्तीर्ण'. मराठीत स अर्धा होतो आणि वेलांटी त-ला. कन्नडमध्ये स पूर्ण, वेलांटी त्याच्याच अंगाला, आणि त खाली ओत्तक्षर म्हणून लटकतो. मराठी सवयीचं पोर 'सीत' वाचतं. पुढं ण आधी लिहिलेला आणि रफार त्याच्यानंतर, की झालं 'णर'. गणिताच्या तासाला हे कोण सोडवत बसणार?

तालुक्याच्या_बाई:
समाजविज्ञानात एवढं अडत नाही हो. १८२४ च्या राणी चन्नम्मांच्या लढ्याचं कित्तूर, १८३१ मध्ये त्यांच्या संगोळ्ळी रायण्णांना इंग्रजांनी फाशी दिली ते नंदगड, कदंब राजांची हलशी, मलप्रभा नदीच्या उगमाचं कणकुंबी, सगळं याच जिल्ह्यातलं. नकाशा भिंतीला लावला की निम्मं काम होतं.

खानापूर_लाईन:
कन्नड_तास यांनी माझंच म्हणणं पुढं नेलं. मग असं करा: गणित-विज्ञानवाल्यांनी शनिवारी पुढच्या आठवड्याचे ५ शब्द कन्नडच्या शिक्षकांना चिठ्ठीवर द्यायचे. ओत्तक्षर, ऱ्हस्व-दीर्घ तिथंच होऊ दे. गणिताच्या फळ्यावर मराठी आणि इंग्रजी, दोनच रकाने.

कन्नड_तास:
चिठ्ठी घेतो. पण ५ नको, ३. आणि एकाच शिक्षकाकडं गणित आणि कन्नड दोन्ही असेल तिथं चिठ्ठी कुणी कुणाला द्यायची तेही सांगा.