विशेष शाळेने प्रवेश नाकारला. दाद कोठे मागावी?

प्रश्न (ऐरोली): माझ्या 8 वर्षांच्या मुलाला स्वमग्नता असून प्रमाणपत्रावर 60 टक्के दिव्यांगत्व नोंदले आहे. एका विशेष शाळेने ‘जागा नाही’ एवढेच तोंडी सांगून अर्ज परत केला. आता काय करावे?

उत्तर 1: तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणे कठीण जाते, म्हणून अर्ज पुन्हा देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या आणि नकाराचे कारण लेखी मागा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 31 नुसार 6 ते 18 वर्षांच्या, किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अर्जात हे कलम लिहाच.

उत्तर 2: तरीही उत्तर न आल्यास पुणे येथील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे याबाबत त्यांना कलम 82 नुसार दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

उत्तर 3: नेरूळला आम्हीही याच फेऱ्यात होतो. लेखी कारण मागताच ‘जागा नाही’चे ‘प्रतीक्षायादीत आहे’ झाले, हे विशेष! मात्र निकालाची वाट पाहताना मुलाची वाचोपचार (बोलण्याची थेरपी) व व्यवसायोपचाराची (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीची थेरपी) सत्रे थांबवू नका.