मदत हवी आहे : इंग्रजी बोलताना सूर नेमका कुठून चढवायचा?

नमस्कार मंडळी,

दहावीपर्यंत मराठी माध्यम, पण नोकरीत नऊ वर्षं कामकाज इंग्रजीतच. लिहिण्या-वाचण्याची अडचण नाही. उच्चारही बरे आहेत. घोळ सुरांचा आहे.

गेल्या आठवड्यात ब्रिटनच्या क्लायंटशी कॉल होता. त्यांनी तारीख सांगितली, मला नीट ऐकू आली नाही. मी म्हटलं, "सॉरी." म्हणजे, पुन्हा सांगा. ते म्हणाले, "नो प्रॉब्लेम," आणि पुढच्या मुद्द्यावर गेले! मी माफी मागतेय असं वाटलं त्यांना. तारीख शेवटी चॅटवर विचारली. नंतर रेकॉर्डिंग ऐकलं, तर माझं "सॉरी" खरंच विहिरीत दगड टाकावा तसं खाली गेलेलं.

वर साहेबांचा शेरा, की मी कॉलवर जरा उद्धट वाटते. मी!

हो-नाहीच्या प्रश्नाला सूर चढतो, 'व्हॉट', 'व्हेअर'च्या प्रश्नाला बहुतेक वेळा उतरतो, हे पाठ आहे. पण चढवायचा कुठून? शेवटच्या शब्दावर? मी चढवला की बालनाट्यातली परी बोलतेय असं वाटतं. आणि "यू सेंट द फाइल, डिडन्ट यू" यात कोणी शेवट चढवतं, कोणी उतरवतं. बरोबर कोण?

— मुगाची_उसळ

प्रतिसाद, घाटवाट :
शेवटचा शब्द धरू नका. ज्या शब्दावर वाक्याचा भर आहे, त्यातल्या जोराच्या अक्षरापासून चढ सुरू होतो. "आर यू कमिंग टुमॉरो?" यात 'मॉ'पासून. पण बाकीचे येवोत न येवोत, तुम्ही येताय का, असं विचारायचं असेल तर 'यू'पासूनच, थेट शेवटपर्यंत.

'डिडन्ट यू' दोन्ही बरोबर, अर्थ वेगळे. चढवलंत तर खरंच माहीत नाही म्हणून विचारताय. उतरवलंत तर फाइल गेलीय हे धरूनच चाललाय, फक्त होकार हवाय. आपल्या "पाठवलीस ना"चे असेच दोन सूर आहेत. आणि "हो का" तर विचारूच नका. चढवलं तर आश्चर्य, सपाट सोडलं तर समोरच्याचा पार कचरा.

प्रतिसाद, जुनी_सायकल :
उद्धटपणाचं मनावर घेऊ नका. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कॅन्टीनचा किस्सा नोंदवलाय. भारतीय-पाकिस्तानी बायका तिथे नव्याने वाढपाला लागल्या होत्या आणि त्या तुसड्या आहेत अशी तक्रार होती. रेकॉर्डिंग केलं, तर भांडण एका शब्दाचं निघालं. ब्रिटिश बायका "ग्रेव्ही?" असं चढवून विचारायच्या. या बायका "ग्रेव्ही." असं उतरवून म्हणायच्या, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटे, ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या. दोन्ही टेपा ऐकवल्या, तेव्हा सुरुवातीला त्यांना फरकच कळेना.

मराठीत आपल्याला 'का' जोडायची सोय आहे, "ग्रेव्ही हवी का". पण फोनची रेंज गेल्यावर आपण "हॅलो? हॅलो?" करतो ना? तोच सूर "सॉरी?"ला लावा. परी होणार नाही.

मुगाची_उसळ :
दोघांचे आभार! 'हॅलो'ची युक्ती लगेच करून पाहिली. ओट्याशी उभी राहून "हॅलो? सॉरी? हॅलो? सॉरी?" दहा वेळा. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "अगं, ठेव तो फोन, रेंज नाहीये तर."

गुरुवारी पुढचा कॉल आहे. इथेच कळवते.